ताण दिलेली दोन झाडं

बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली बाई दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलते, हे सांगायची मला आधी लाज वाटायची. मग राग यायला लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे बाबा वरुडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये कलमं बांधायचे, दुसऱ्यांच्या बागांमध्ये. त्यांच्या हातचा कलमाचा डोळा सहसा वाया जात नसे, म्हणून लांबलांबून बोलावणं यायचं. सही करताना मात्र ते जीभ दातात धरायचे. मी अकोल्याहून डिग्री घेऊन आले तेव्हा त्यांनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "यात झाड कुठं हाय?"

चेष्टा होती ती. पण परदेशात, इथे श्रूजबरीत आल्यापासून हा प्रश्न मला बऱ्याचदा आठवला आहे. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली तोपर्यंत माझ्या डिग्रीला इथे कोणी ओळखेनासं झालं होतं. एका ठिकाणी इंटरव्ह्यूला विचारलं, "अ‍ॅग्रिकल्चर म्हणजे तुमच्याकडे घरची शेती होती का?" मी म्हटलं, नाही, घरची शेती नव्हती म्हणूनच शिकले. त्यांना ते कळलं नाही. मग दातांचा दवाखाना. अपॉइंटमेंट लावणं, कॅन्सल करणं, पुन्हा लावणं.

मग एक शेतमालकीण मला भेटली, शनिवारच्या बाजारात. ती टोमॅटोची रोपं विकत होती. साठीच्या पुढची, उन्हाने भाजलेली, नखात माती. तिच्या रोपांची खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडली होती. मी म्हटलं, याला मॅग्नेशियम कमी पडतंय. तिने माझ्याकडे पाहिलं, रोपाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे शिकलीस?"

"कुठे शिकलीस" हा प्रश्न मला या देशात तोवर कोणी विचारला नव्हता. "कुठली आहेस" हा रोज विचारतात.

तिचं शेत पश्चिमेला तासाभरावर. पूर्वी भोपळे आणि मका करायची, आता लायसन्स काढून गांजा करते. गांजा हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या मराठी मंडळीत त्याला "ते" म्हणतात. "त्यांचा मुलगा 'ते' घेतो म्हणे." इथे दुकानात चकचकीत डब्यांत मिळतं, शेजारी योगाच्या चटया असतात, पण आपल्या तोंडी "ते".

तिला पुढच्या हंगामासाठी ग्रोअर हवा होता, म्हणजे झाडांची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस. मी अर्ज करते म्हटलं. ती म्हणाली, कागद मला वाचता येत नाही, झाड वाचता येतं. तिने मला एका संकरित जातीची चार रोपं दिली. नाव कुठल्याशा आइस्क्रीमसारखं होतं. वास संत्र्याच्या सालीचा, पण अडचण अशी की ती जात कुठल्याशा गरम राज्यात तयार झालेली. आमच्याकडे ती ऑक्टोबर उजाडेपर्यंत तयारच होत नाही, आणि ऑक्टोबरात गार पाऊस लागला की करडी बुरशी फुलांच्या तुऱ्यात आतून शिरते. बाहेरून तुरा छान, उघडला की आत राख. तिने दोन वर्षं प्रयत्न करून सोडून दिली होती.

"आपल्या थंडीत ही वेळेवर तयार करून दाखव," ती म्हणाली. "वही ठेव. ऑक्टोबरच्या शेवटी वही आणि वाळवलेल्या तुऱ्यांच्या बरण्या घेऊन ये, मग बोलू."

घरच्या कुंपणात, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी मोजकी झाडं लावायला या राज्याचा कायदा परवानगी देतो. देशाचा कायदा देत नाही. व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसाने या वाटेला जाऊच नये, आमच्या ओळखीच्यांत नुसतं कोणी विचारलं तरी लोक विषय बदलतात. आमची नागरिकत्वाची शपथ होऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "तू ओढत नाहीस, मी ओढत नाही, आपण गांजा लावतोय. वा."

"संत्रा सोलल्यासारखा वास आहे त्याला," मी म्हटलं.

"संत्रा नाही, एक असेल तर संत्रं."

तो पुण्याचा. आमच्याकडे संत्रा म्हणतात, तो संत्रा, आणि ज्यांच्याकडे पिकतो त्यांनी ठरवावं, असं मी त्याला लग्न झाल्यापासून सांगते आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चार कापडी कुंड्यांमध्ये रोपं लावली. जोमाने वाढली. संध्याकाळी पानं चोळली की हाताला खरोखरच साल सोलल्यासारखा वास यायचा, मागून थोडा घामट. मी वहीत उंची लिहायची, पानं मोजायची. महिना संपता संपता झाडं कंबरेला लागली आणि फुलाचं नाव नाही. असणारही नव्हतं, पण मला घाई झाली होती. ऑक्टोबर माझ्या डोक्यात बसला होता.

बाबांना मी रविवारी फोन करते. त्यांना सांगितलं होतं की एका बाईने परीक्षेला झाडं दिली आहेत, जमलं तर नोकरी आहे. कसली झाडं, ते सांगितलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या, माळ घातलेल्या बापाला मुलीने फोनवर "गांजा" कसं म्हणावं?

"कायचं झाड हाय?" त्यांनी विचारलं.

"संत्र्यासारखंच आहे बाबा. संत्र्याच्या वासाचं."

"मंग अडलं कुठं?"

"लवकर फुलावर आणायचं आहे. इथे थंडी लवकर पडते."

"त्यात काय. ताण दे."

संत्र्याच्या बागेत राबलेल्या माणसाला ताण समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. झाडाचं पाणी तोडायचं. पानं मलूल होईपर्यंत, कधी गळायला लागेपर्यंत तोडलेलंच ठेवायचं. झाड घाबरतं, वाढायचं थांबतं आणि आतल्या आत फुलाची तयारी करतं. मग खत घालून आधी हलकं पाणी, नंतर भरपूर. एका दमात सगळी बाग फुलते. तो बहार. ताण किती द्यायचा हे कळणं म्हणजे माळ्याची अक्कल. कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाड जातं.

"पानी तोड म्हंजे तोड," बाबा म्हणाले. "दया करू नको. तुले लहानपनापासून सवय हाय, लपून लपून पानी घालाची."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इथल्या कुठल्या माणसाला हे माहीत असणार? मला वाटलं, हेच तर आपल्याकडे आहे, त्या बाईला जे दोन वर्षांत जमलं नाही ते.

आता बी.एस्सी. केलेल्या बाईसारखंच मी सगळं केलं, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावं. चारही झाडांना ताण दिला नाही. दोन झाडांना दिला, दोन तशीच ठेवली, तुलना करायला. वहीत तारीख घातली. ताण दिलेल्या झाडांना मरू नयेत एवढं वाटीभर पाणी सकाळी. पण पाऊस? त्या जुलैत रोज संध्याकाळी गडगडाट व्हायचा. कुंडीत पाऊस पडला तर ताण कसला. मग रोज दवाखान्यातून आले की सहा वाजता दोन कुंड्या ट्रॉलीवर घालून गॅरेजमध्ये ओढायच्या आणि सकाळी आठला जाताना पुन्हा बाहेर उन्हात. एकेक कुंडी ओल्या पोत्याएवढी जड. गॅरेजला खिडकी नाही. दार लावलं की आत मिट्ट काळोख. नवरा गाडी बाहेर लावायला लागला आणि त्यावर रोज एक वाक्य बोलायला लागला.

"गाडी पावसात, झाडं गॅरेजात. माझी गाडी पण संत्र्याचा वास मारायला लागली की तिला पण आत घेशील?"

"दोन आठवडे सहन कर."

"यार, हे झाडाला ताण आहे की मला?"

बाराव्या दिवशी सकाळी कुंडी बाहेर काढली तर शेंड्यांवर पांढरे तंतू. फुलाची पहिली खूण. दोन्ही झाडांवर. आणि बाहेर पावसात राहिलेल्या दोन झाडांवर काही नाही, नुसती हिरवीगार वाढ. मी ड्राइव्हवेवर तशीच बसले. जुलैचा मधला आठवडा, आणि माझ्या झाडांनी बहार धरला होता. शेतमालकिणीची झाडं फुलावर यायला अजून महिना होता.

बाबांना फोटो पाठवला नाही, नुसतं सांगितलं. "म्या काय म्हनलं होतं?" ते म्हणाले आणि फोन शेजारच्याला द्यायला निघाले, तेव्हा मी घाईने ठेवला. शेतमालकिणीला मात्र फोटोसकट ईमेल लिहिली. त्यात मी "स्ट्रेस ट्रीटमेंट यशस्वी" असं लिहिलं. वहीतही तेच, खाली दोन रेघा मारून. तिचं दोन शब्दांचं उत्तर आलं: "किती तास?"

मला कळेना, तास कशाचे? ताण काय तासांवर मोजतात? मी उत्तर दिलं, "बारा दिवस." तिचं पुढे काही आलं नाही. हंगामाचे दिवस, ती कामात. मला वाटलं, गार पडली असेल.

इथेच एकदा उलट विचारलं असतं, तास म्हणजे कसले, तर पुढचं काही घडलं नसतं. पण ज्याला येतं त्याने विचारायचं नसतं, असं माझ्या डोक्यात कुठून शिरलं आहे कोण जाणे. घरातली पहिली शिकलेली असले की असं होतं. सगळे आपल्याला विचारतात. आपण कुणाला विचारायचं, याची सवयच लागत नाही.

फूल दिसलं म्हणजे ताण तोडायचा. मी झाडांना खत घातलं, आधी हलकं पाणी दिलं, नंतर भरपूर. गॅरेजमध्ये नेणं बंद केलं. चारही झाडं आता दिवसरात्र बाहेर. नवऱ्याने गाडी आत घेतली, बॉनेटवर हात फिरवला.

दहा दिवसांत ताणाची दोन झाडं वेडी झाली. फुलाचे तंतू वाळले, त्यातूनच पुन्हा पानं फुटायला लागली, आणि तीही विचित्र, पाच बोटांच्या पानाऐवजी एकेकच बोट, वळलेलं. झाडाला पुढे जाऊ की मागे जाऊ कळत नव्हतं. मी पाणी वाढवलं, कमी केलं, खत बदललं. ऑगस्टच्या शेवटाला चारही झाडांवर कळी आली, म्हणजे ज्यांना ताण दिला त्यांना आणि ज्यांना नाही दिला त्यांना एकाच वेळी. मग माझ्या घामाचं काय झालं?

गणपती आले तेव्हा वास घरात शिरायला लागला. दीड दिवसाचा गणपती, वीसेक माणसं. मागचं दार बंद, खिडक्या बंद, उदबत्त्या चार. तरी एका काकूंनी नैवेद्याचं पान मांडता मांडता नाक वर केलं. "कोणी संत्री सोलतंय का ग? संत्री, आणि काहीतरी जळकं."

"फिनेलचा वास आहे काकू," नवरा म्हणाला. "संत्र्याचं नवीन निघालंय."

"कुठलं? छान आहे. मला नाव पाठव."

त्याने खरोखरच कुठल्याशा फिनेलचं नाव पाठवलं. मी आत मोदक उकडत होते आणि मला हसू येत नव्हतं. कारण त्याच सकाळी दूर्वा काढायला मागे गेले असताना मी पाहिलं होतं: ताण दिलेल्या दोन्ही झाडांच्या तुऱ्यांतून छोटी पिवळी केळ्यासारखी फुलं डोकावत होती. नर फुलं. झाड मादी, आणि त्याच्याच अंगावर नर फुलं. या पिकाला बी धरलं की माल गेला. वास उतरतो, तुरा पोकळ होतो, ओढणाऱ्याच्या तोंडात बी फुटतं. आणि परागकण उडून शेजारच्या दोन झाडांवर जाणार ते वेगळंच. मी पाहुणे जाईपर्यंत तोंडावर हसू ठेवलं, मग चिमट्याने एकेक फूल काढत बसले. दुसऱ्या दिवशी तितकीच नवी.

नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, हाच त्याचा पगार. तो मागच्या पायरीवर चहा घेऊन बसला आणि म्हणाला, "मला एक सांग. जुलैत तू त्या दोन झाडांचं नेमकं काय बदललंस?"

"पाणी तोडलं."

"अजून?"

"अजून काही नाही. फक्त पाणी."

"आणि गॅरेज?"

"ते पावसासाठी."

"अगं, ते कशासाठीही असू दे. झाडाला काय कळतंय तू कशासाठी आत नेलंस? पाणी आणि गॅरेज, दोन गोष्टी एकदम बदलल्यास. आमच्याकडे असं केलं तर कोड परत पाठवतात."

मी त्याला म्हटलं, तुला शेतीतलं काय कळतं. तो म्हणाला, "काहीच नाही," आणि चहा प्यायला लागला. त्याच्या "काहीच नाही"चा मला फार राग आला, कारण तोवर मला कळलं होतं.

संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. चौदा तास काळोख. रात्र लांबली की फुलावर येणारी झाडं असतात. शेवंती तशी. कॉलेजच्या मळ्यात शेवंतीच्या वाफ्यांवर काळं कापड टाकायचे, दिवाळीच्या आधी फूल मिळावं म्हणून. मी स्वतः संध्याकाळी ते कापड ओढलेलं आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न होता, मी आकृती काढून उत्तर लिहिलं होतं, पूर्ण मार्क होते. गांजा शेवंतीच्या जातकुळीसारखा वागतो, संत्र्यासारखा नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हे, माहीत होतं. "किती तास" म्हणजे काळोखाचे तास. ती मालकीण समजली होती की मी काळोख देते आहे. मी खरोखर देतच होते, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

माझ्या झाडांनी जुलैत बहार धरला तो माझ्या गॅरेजमुळे. गॅरेज चालू ठेवलं असतं तर सप्टेंबरच्या मध्याला, गणपतीच्या आधी सुद्धा कदाचित, पीक तयार होतं. थंडीच्या आधी, पावसाच्या आधी. अगदी तिला हवं तसं. मी उत्तर बरोबर काढलं आणि मग रबराने पुसून टाकलं, कारण श्रेय चुकीच्या गोष्टीला दिलं होतं. फुलावर आलेल्या झाडाला जुलैच्या लांब दिवसांत बाहेर सोडलं, ते गोंधळलं, आणि त्या गोंधळात नर फुलं काढून बसलं. त्याचा काय दोष?

पुढच्या रविवारी मी बाबांना खरं सांगितलं. किती दिवस लपवणार? "बाबा, ते संत्र्यासारखं झाड नव्हतं. गांजा होता. इथे कायद्याने लावता येतो."

मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मंग सांगाचं ना. गांजाचं मले काय मालूम? तू संत्रा म्हनली, म्या संत्र्याचं सांगतलं."

"मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही."

"आवडाचं काय हाय त्यात. झाडाचं नाव खोटं सांगतलं तं औषध खरं कसं भेटन वं?" पुढे म्हणाले, "तू शिकेल हायेस म्हून म्या जास्त इचारलं नाही."

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. मी सांगायला लाजले, त्यांनी मान ठेवून विचारलं नाही, आणि मधल्या मधे दोन झाडं गेली.

ऑक्टोबर माझ्या भीतीप्रमाणे आला. पहिले चार दिवस ऊन, मग सलग पाऊस, तोही गार. ताण न दिलेल्या दोन झाडांचे तुरे मोठे झाले होते, मुठीएवढे, पण तयार नव्हते. मी रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी एकेक तुरा फाकवून पाहायची. सहाव्या दिवशी एकाच्या आत करडा कापूस. तो तोडला. आठव्या दिवशी पाच. दवाखान्यात फोनवर "गुरुवारी साडेदहा चालेल का" म्हणताना माझ्या नखांना बुरशीचा वास यायचा. मग एका सकाळी गवतावर पांढरं पडलं, आणि मी जे राहिलं होतं ते सगळं कापून टाकलं. चार झाडांतून तीन बरण्या भरल्या. दोन ताणाच्या, बियांनी खुळखुळणाऱ्या. एक दुसऱ्या दोन झाडांची, निम्मी बुरशी काढून टाकलेली.

वहीचा प्रश्न होता. जुलैच्या पानावर दोन रेघा मारून "यशस्वी" लिहिलेलं. ते पान फाडता आलं असतं. नवरा म्हणालाही, "नवीन वही आण, स्वच्छ कॉपी कर, गॅरेज मुद्दाम केलं होतं आणि काही कारणाने बंद करावं लागलं असं लिही. ते खोटं पण नाही फारसं." मी रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यावर विचार केला, नाही असं सांगणार नाही. बाबा जीभ दातात धरून सही करायचे ती त्यांना कोणी शिकवली नव्हती, त्यांनी पाहून पाहून गिरवली होती. मी शिकून खोटं लिहायचं? त्या पानाखाली मी लाल पेनने लिहिलं, की पाणी तोडल्यामुळे फूल आलं नाही, चौदा तास काळोख मिळाल्यामुळे आलं, आणि हे मला सप्टेंबरात कळलं.

शेतावर गेले तेव्हा धान्याच्या कोठारात दहाबारा जण लांब टेबलांशी बसून कात्रीने तुरे साफ करत होते. मालकिणीने मला एका कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं. पहिली बरणी उघडली, डोळे मिटून वास घेतला. "संत्रा आहे," ती म्हणाली. मग तुरा बोटांत चुरला आणि टेबलावर बिया सांडल्या, तीळ सांडावेत तशा. तिने त्या एका बाजूला सारल्या. वही उघडली.

ती वाचत असताना मी उभी होते. बस म्हणाली नव्हती. जुलैच्या पानापाशी ती थांबली, वरचं वाचलं, लाल वाचलं, पुन्हा वरचं.

"गॅरेजमध्ये? ट्रॉलीवर? रोज?"

"रोज. सहा ते आठ."

"मी तुला विचारलं होतं किती तास."

"मला तो प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं नाही."

ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. म्हणाली, तिच्या शेतावर आता कमानी उभारून त्यावर काळी ताडपत्री ओढायची तिची पण योजना आहे, या जातीसाठी तोच एक मार्ग. मग तिने मला सांगितलं की ग्रोअरची जागा ती मला देऊ शकत नाही. एक हंगाम हातात घेऊन तो पूर्ण करून दाखवलेला माणूस तिला हवा, आणि तसा एक तिला मिळाला आहे. पण जुलैपासून रोज संध्याकाळी ताडपत्री ओढायला आणि सकाळी काढायला माणूस लागेल. तासावर. "तुला सवय आहे त्याची," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ती चिडवत नव्हती, सरळ बोलत होती.

मी म्हटलं, "मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे."

"मला माहीत आहे. तू आत्ता एक वही मला दाखवलीस, ती मी कोणाच्या अर्जापेक्षा जास्त मानते. पण तयार पीक तू मला दाखवलं नाहीस."

"ताडपत्री किती वाजता ओढायची हे कोण ठरवणार?"

"ग्रोअर."

"तो किती तास ठेवणार आहे?"

"बारा."

"या जातीला चौदा द्या. माझ्या दोन झाडांनी चौदाला बारा दिवसांत कळी धरली. बाराला किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, त्यालाही नसणार."

तिने वहीतलं ते पान मोबाइलवर फोटो काढून घेतलं आणि म्हणाली, ती त्याच्याशी बोलेल. पान घेतलं, पण ते माझं म्हणून घेतलं की त्याच्यासाठी, हे मला विचारायचं होतं, आणि या वेळी मी विचारलं. "माझं नाव लावाल का त्या तासांना?" ती म्हणाली, "वसंतात बघू." इथली माणसं "बघू" म्हणाली की त्याचा अर्थ आपल्याकडच्या "बघू"पेक्षा वेगळा असतो की तोच, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मी ताडपत्रीला हो म्हटलं. दवाखान्यातलं काम सोडावं लागेल, कारण संध्याकाळी सहाला शेतावर आणि सकाळी आठला शेतावर असं असताना तासाभराच्या अंतरावर साडेआठ ते साडेपाच फोन उचलता येत नाहीत. हे मी तिला सांगितलं नाही.

गाडीत नवरा बसला होता. "काय झालं?"

"ताडपत्री."

"म्हणजे हो का नाही?"

"म्हणजे रोज संध्याकाळी झाडं झाकायची."

त्याने गाडी सुरू केली, फाटकाबाहेर काढली. मग म्हणाला, "तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

मी हो म्हणाले याचा मला राग नाही. काळोख किती द्यायचा हे त्या शेतावर आज फक्त मी करून पाहिलेलं आहे, आणि तो देताना मी तिथे असणार. राग वेगळाच आहे. निघताना मी तिचे आभार मानले, दोनदा. एकदा टेबलाशी आणि एकदा दारात. दुसऱ्यांदा कशाबद्दल मानले ते मला अजून समजलेलं नाही.